दोन हिसके

कुपीकाकाच्या शर्टाच्या डाव्या खिशावर कायम एक तेलाचा डाग असायचा. शर्ट बदलायचा, डाग तोच. त्या खिशात मशीनच्या तेलाची लांब चोचीची कुपी असायची आणि तिचं झाकण कधीच नीट बसायचं नाही. साऱ्या गल्लीच्या शिलाई मशीनचे दोष काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या कुपीचं झाकण तेवढं बसवता येत नाही, असं मी त्याला तीस वर्षं चिडवलं. तो म्हणायचा, झाकण बसलं तर लोक मला ओळखणार कसे?

मला तो डिंक्या म्हणायचा. मी बाइंडर. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच माझं दुकान आहे. जुनी पुस्तकं, रजिस्टरं, शाळेचे दाखले, जे सुटं होईल ते मी बांधून देतो. डिंकाला मी हातही लावत नाही, खळ आणि सरस वापरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो मला डिंक्या म्हणायचा.

तो गेला त्याला वर्ष होऊन गेलं. गेला म्हणजे मारला गेला. असं गुळमुळीत बोलायची मला सवय लागली आहे, ती मोडायची म्हणूनच हे लिहायला बसलो. भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या स्वतःच्या कामाच्या टेबलाशी एका माणसाने त्याला भोसकलं. तो माणूस माझ्या दुकानावरून वर गेला होता.

कुपी या इमारतीत आला तेव्हा आम्ही दोघेही पंचविशीत होतो. शिलाई मशीनचा कारखाना बंद पडला, तिथून तो एक लोखंडी पेटी आणि मोठी बहीण घेऊन आला. ताईचे यजमान लवकर वारले, तेव्हापासून ती भावाकडे. तो तिला घाबरायचा, आणि घाबरत नाही असं दाखवण्यात त्याची निम्मी ताकद जायची. सगळी इमारत तिला ताई म्हणते, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे सेक्रेटरीसुद्धा. कुपीने लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं की म्हणायचा, घरात एक सासू आहे, तेवढी पुरे.

मशीन तपासायची त्याची तऱ्हा वेगळी होती. आधी तो मशीन उघडायचाच नाही. गिऱ्हाइकाला बसवायचा, चिंधी द्यायचा, चालवा म्हणायचा आणि स्वतः डोळे मिटून घ्यायचा. दहा-बारा टाके पडले की हात वर. शटल घासतंय. सुई वाकडी आहे. पट्टा ताणलाय. समोरच्या चाळीतल्या शिवणवाल्या वहिनींनी एकदा तक्रार आणली की मशीन फार आवाज करतं. याने डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही पायडल नवऱ्याचा पाय समजून दाबताय. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच्या शर्टांची तुटलेली बटणं लावायला घेऊन गेल्या.

आता त्याचे दोष. गेलेल्या माणसाचे दोष सांगू नयेत म्हणतात, पण ते वगळले तर तो कुपी राहणारच नाही, फोटोतला कोणीतरी गृहस्थ होईल. तो पत्त्यांत सरळसरळ लबाडी करायचा. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा. माझ्या दुकानात येऊन बांधलेलं पुस्तक डोळ्यांसमोर आडवं धरायचा आणि पाठ केसभर डावीकडे गेली आहे म्हणायचा. गेलेली असायचीच, त्यामुळे जास्त राग यायचा. आणि हट्टी इतका, की एकदा खरं वाटलेली गोष्ट ब्रह्मदेव आला तरी सोडायचा नाही.

त्या हट्टानेच त्याचा घात केला, असं लोक म्हणतात. वर्षभर मीही म्हणत होतो. तसं म्हणणं मला सोयीचं होतं.

इमारतीच्या मागे कापडाचं एक गोदाम होतं. एका पहाटे ते जळालं आणि आतला पहारेकरी आतच राहिला. कुपी लवकर उठणारा. मागच्या खिडकीतून त्याने एका माणसाला डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं. त्याला चेहराही दिसला होता. पोलीस आले तेव्हा गल्लीत सगळ्यांनी मूग गिळले. कुपीने खाली जाऊन सगळं सांगितलं आणि कोर्टातही सांगेन म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन चार शब्द सुनावले. तुला काय पडलंय, म्हटलं. आपण साधी माणसं, आपलं काम बरं की आपण बरे. तो म्हणाला, "मशीनचा नुसता आवाज ऐकून मी दोष सांगतो. हे तर डोळ्यांनी पाहिलंय. ते सांगायचं नाही तर मग मी इतकी वर्षं काय करतोय?"

मग धमक्या सुरू झाल्या. दारावर चिठ्ठी आली, फोन आला. चौकीतल्या साहेबांनी सांगितलं की अनोळखी माणसाला दार उघडू नका. पण ज्याचं पोट घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांवर आहे त्याने दार उघडू नये म्हणजे उपाशीच बसावं. त्यावर आम्ही एक दोरी बांधली.

कल्पना त्याची, दोरी माझी. पुस्तकं शिवायचा जाड दोरा तीन पदरी वळून मी ती केली. माझ्या दुकानातून निघून जिन्याच्या पोकळीतून ती तीन मजले वर जायची आणि त्याच्या टेबलावर टांगलेल्या घंटीला बांधलेली होती. खालच्या टोकाला त्याने दोऱ्याचं एक जुनं लाकडी रीळ बांधलं, हातात धरायला. ठरलं असं, की त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने आधी माझ्याकडे यायचं. मी माणूस नीट पाहायचा, नाव-गाव विचारायचं. ठीक वाटला तर दोन हिसके, म्हणजे दार उघड. शंका आली तर एक, म्हणजे उघडू नकोस. दारावरच्या थापेला तो ओ देणार नाही, मग ती कोणाची का असेना. सेक्रेटरी एकदा मला न विचारता वर गेले आणि दहा मिनिटं थापा मारत राहिले. आतून हा शिट्टी वाजवत होता, पण उठला नाही. सेक्रेटरींना ते फार लागलं होतं.

दोन हिसके मिळाले की तो कडी काढायचा, दार लोटून ठेवायचा आणि पुन्हा कामाला बसायचा. माणूस तीन जिने चढेपर्यंत माझे दोन स्क्रू बसतात, म्हणायचा. त्या दाराची लोखंडी कडी जुनी आणि जड. ती लागली किंवा निघाली की जिन्याच्या पोकळीतून खाट असा आवाज खालपर्यंत यायचा. हिसके द्यायचे आणि खाट ऐकायचं, इतकी सवय झाली होती की पुढे पुढे ते कानावर पडतंय हेही कळेनासं झालं.

त्या दोरीचा त्याने वर खेळही करून टाकला. चार वाजता वरून रीळ उडायचं आणि भिंतीवर आपटायचं. दोनदा आपटलं तर चहा झालाय, ये. एकदाच आपटलं तर येऊ नकोस, ताई चिडलीय. सात महिने असे गेले. सुरुवातीला मी डोळ्यांत तेल घालून माणसं पाहिली. नंतर नंतर, खरं सांगायचं तर, कंटाळलो. दिवसातून पंधरा वेळा हातातलं काम टाकून कोणाच्यातरी मशीनसाठी पंचनामा करायचा. बायकोजवळ कुरकुर करायचो, की याची साक्ष आणि माझी पहारेदारी.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. कसलं भांडण, तर एका जुन्या जाडजूड शब्दकोशाची मी केलेली शिवण बघून तो म्हणाला की सैल आहे. मी म्हटलं, तू तुझी मशीनं बघ. तो म्हणाला, बघतोच. एवढंच. पण मी ती शिवण उसवून पुन्हा घातली आणि दुपारी पाठीला सरस लावायला घेतला, तेव्हाही डोक्यात तेच चालू होतं.

सरस गरम असतो तोवरच आपला. पाठीवर फासला की कापडाची पट्टी ठेवून हाडाच्या पट्टीने घासून घासून बसवायची, आणि तेही भराभर. मध्ये हात थांबला की सरस गोठतो, कापड सुटतं आणि सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. माझ्या हाताखाली अकराशे पानं होती. ताई थोड्या वेळापूर्वी खाली उतरून दवाखान्यात गेली होती, ते मी पाहिलं होतं. तेवढ्यात दाराशी कोणीतरी उभं राहिलं.

"मशीन दाखवायचंय," तो म्हणाला. "आणण्याआधी विचारून घेतो. वर आहेत का?"

मला त्याचे बूट दिसले. तपकिरी, नवे. बुटांच्या वर मी नजर नेली नाही. उजवा हात पट्टीवर होता. मनात म्हटलं, सरली ही पहारेदारी तर बरं. डावा हात लांब करून मी रिळाला दोन हिसके दिले. वरून खाट आवाज आला. बूट जिन्याकडे वळले.

ते बूट खाली आले तेव्हा मी शब्दकोश दाबायच्या यंत्रात घालत होतो आणि जिन्याकडे माझी पाठ होती. पुस्तक छान बसलं होतं. पाठ केसभरही हललेली नव्हती. चार वाजता कुपीला दाखवायचं, असं मी ठरवत होतो तेवढ्यात ताई परत आली, वर गेली आणि तिचा आवाज आला. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

पोलिसांनी विचारलं, कोणाला वर जाताना पाहिलंत का? मी म्हणालो, पाहिलं नाही, काम चालू होतं. शब्द न् शब्द खरा होता. सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बाइंडर, माणूस दिवसभर किती लक्ष ठेवणार, नजर चुकते. म्हणजे तो माणूस माझी नजर चुकवून वर गेला, असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि मी धरू दिलं. मोठा अपराध लपवायला मला एक लहानसा मिळाला, आणि लोकांनी तो लगेच माफही करून टाकला.

चौथ्या दिवशी मारेकरी सापडला. त्याने कबुली दिली आणि एक वाक्य बोलला, ते गल्लीभर झालं. दार उघडंच होतं, ढकललं आणि आत गेलो. त्यानंतर वकिलाने त्याचं तोंड बंद केलं.

दार उघडं कसं? सगळ्यांनी ताईकडे पाहिलं आणि मग कोणीच पाहिलं नाही. तीच तर थोड्या वेळापूर्वी बाहेर पडली होती. बायका जाऊन तिला समजावू लागल्या, होतं असं, घाईत राहतं माणसाकडून, तुमचा काय दोष. दोष नाही म्हणून सांगायला जी उठते ती दोष ठेवूनच येते. ताई ऐकून घ्यायची. त्यानंतर ती बाहेर निघाली की कुलूप लावायची, एक जिना उतरायची, परत वर जाऊन कुलूप ओढून पाहायची. पुन्हा उतरायची, पुन्हा वर. मी खाली बसून मोजायचो. कमीत कमी तीन वेळा, कधी पाच.

बायको तिला रोज दुपारी चहा नेऊन द्यायची. एकदा खाली येऊन म्हणाली, "अहो, ती सारखं त्या कडीचंच बोलते. तिची चूक नव्हती असं तिला कोणीतरी पटवायला हवं." मी कागद मोजत होतो. मोजत राहिलो.

वर्ष व्हायला आलं तशी गल्लीने त्याची आठवण करायची ठरवली. अंगणात बैठक झाली. सेक्रेटरींनी दोन मिनिटं शांतता सुचवली. शिवणवाल्या वहिनी उठून म्हणाल्या, "त्यांना बंद मशीन कधी आवडलं? आम्ही शांत बसणार नाही." मग असं ठरलं की त्याने दुरुस्त केलेली मशीनं सगळ्यांनी अंगणात आणायची आणि एक मिनिट एकदम चालवायची. त्यानंतर, कोणी सुचवलं आठवत नाही, पण सगळ्यांनाच पटलं, की बाइंडरने दोरीला दोन हिसके द्यायचे. वर ताईने कडी काढून दार उघडायचं आणि सगळ्यांनी वर जाऊन त्याचं टेबल पाहायचं. त्याच्या जवळचं असं दुसरं होतं कोण, म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, गहिवरलोय.

आणखी एक काम माझ्याकडे आलं. प्रत्येक घराने त्याच्याबद्दल एकेक पान लिहायचं आणि मी त्याची वही बांधायची. पानं आली. कोणी लिहिलं की त्याने आजीचं मशीन चालू केलं तेव्हा आजी रडली. कोणी लिहिलं की त्याने आपल्याला पत्त्यांत सोळा वेळा फसवलं आणि सतराव्यांदा फसवायला तो असायला हवा होता. सेक्रेटरींनी दारावरच्या थापांचा किस्सा दोन पानं लिहिला होता, अजूनही थोडे रागावूनच. मी वाचत गेलो आणि पानांच्या जुड्या, म्हणजे फर्मे, लावत गेलो. शेवटी ताईचं पान आलं.

'माझा भाऊ कामात असला की त्याला दुसरं काही सुचत नसे. म्हणून मी बाहेर पडले की दाराशी उभी राहून कडी लागल्याचा आवाज ऐकत असे आणि मगच जिना उतरत असे. त्या दिवशी दवाखाना बंद होईल म्हणून थांबले नाही. तो एकच दिवस. त्याच्याबद्दल चांगलं लिहा असं सांगितलंय, पण मला दुसरं काही आठवत नाही.'

सुई माझ्या हातात होती. पान शिवायचं होतं. ती कडी निघाल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला होता. लागलेली होती म्हणूनच ती निघाली. त्याने तिच्यामागे कडी लावली होती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. मी ते पान शिवलं. हात इतका सरावलेला आहे की शिवण सरळ आली. त्यानंतरचं पान माझं, ते कोरंच शिवलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वही घेऊन वर गेलो, सांगायचंच असं ठरवून. ताईने मला त्याच्याच खुर्चीवर बसवलं. टेबलावर सगळं जसंच्या तसं होतं, वर घंटी, बाजूला कुपी, तिच्याखाली तेलाचं गोल डबकं वाळलेलं. ताईने वही हातात घेतली, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, पाठ सरळ आलीय, त्यालासुद्धा काही काढता आलं नसतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू खाली होतास म्हणून तो सात महिने तरी राहिला. नाहीतर पहिल्याच आठवड्यात संपला असता."

मी चहा प्यायलो. आणखी थोडा घेतोस का म्हणाली, तोही घेतला. आणि खाली आलो. आयुष्यात मी पुष्कळ वेळा भ्यायलो असेन, पण इतका नीच कधी झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. पायमशीनं, हातमशीनं मिळून तेवीस आली होती. मधल्या स्टुलावर त्याचा फोटो होता. फोटोत खिशावरचा डाग दिसू नये म्हणून फोटोवाल्याने तो पुसून टाकला होता, त्यामुळे कुपी कुपीसारखा वाटत नव्हता. सेक्रेटरींनी भाषण केलं, लांबलंच. मग वहिनींनी हात वर केला आणि तेवीस मशीनं एकदम सुरू झाली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. एका मशीनचा सूर जरा खरखरीत होता. मला वाटलं, आता हा हात वर करेल आणि म्हणेल, शटल घासतंय. मशीनं थांबली तेव्हा बऱ्याच जणांचे डोळे भरले होते.

सगळे माझ्याकडे वळले. ताई वर दारामागे हिसक्यांची वाट पाहत होती. मी दुकानात गेलो, रीळ हातात घेतलं. वर्षभर त्याला हात लावला नव्हता. दोन हिसके द्यायचे, ताई कडी काढणार, ती खाट निघणार. मला ते पुन्हा ऐकवलं नसतं. मी रीळ सोडलं आणि जिना चढू लागलो. लोकांना वाटलं, ठरल्यात काही बदल झालाय. तेही मागोमाग आले.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो. दार बंद होतं. मी थाप मारली नाही.

"ताई, मी आहे. दार उघडू नका. आधी ऐका."

आत पाऊल वाजलं आणि थांबलं.

"त्या दिवशी तो माणूस माझ्याकडे आला होता. वर आहेत का, विचारलं. माझ्या हातात सरस होता. मी मान वर करून पाहिलं नाही. दोन हिसके मी दिले, ताई. कडी निघाल्याचा आवाज मी खाली ऐकला."

जिन्यावर माणसं उभी होती, अगदी खालच्या वळणापर्यंत. मग आतून ताई बोलली, दाराला अगदी चिकटून बोलत असावी.

"म्हणजे माझ्यामागे त्याने कडी लावली होती."

"लावली होती."

"नक्की?"

"नक्की. लागलेली होती म्हणूनच निघाली."

ती रडत होती. मी तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात तिचा आवाज पुन्हा आला, आणि या वेळी त्यात रडणं नव्हतं.

"आणि हे तुला वर्षभर माहीत होतं."

"हो."

"खाली जा," ती म्हणाली.

मी वळलो. जिन्यावरच्या माणसांनी अंग चोरून वाट दिली. शिव्या कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी बायको खालच्या पायरीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि वर ताईकडे निघून गेली. तिच्यासाठी तरी ती कडी निघेल एवढंच मी मनाशी म्हटलं. खाट आवाज आला तेव्हा जरा हायसं वाटलं.

तसाच चौकीत गेलो आणि सगळं लिहून दिलं. बूट, सरस, हिसके. साहेबांनी सेक्रेटरींचंच वाक्य पुन्हा ऐकवलं आणि कोर्टात यावं लागेल म्हणून सांगितलं. मी म्हटलं, येईन. कुपी जिथे उभा राहणार होता तिथे आता मी उभा राहणार. तो असता तर यावर तासभर हसला असता.

परत आलो तेव्हा अंगणातल्या खुर्च्या उचललेल्या होत्या. दुकानात येऊन बसलो. करायला काम होतं, पण हात चालेना. वर जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवावं असं सारखं वाटत होतं. एकदा पायरीपर्यंत गेलोही आणि परत येऊन बसलो.

चार वाजून गेले असतील. रीळ जागचं हललं, उडालं आणि भिंतीवर आपटलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

एकदा.

मी काम बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या हिसक्याची वाट पाहत बसलो. दुकान बंद करायची वेळ झाली तरी रीळ पुन्हा हललं नाही. आता कोणी दाराशी आलं की मी मान वर करून चेहरा पाहतो. आणि रोज चार वाजता, हातात सरस असला तरी, तो गोठू देतो आणि रिळाकडे पाहतो.